दोघांत एक गोळी

रक्तदाब आधी ऑपरेटरबाईंना लागला आणि वर्षाच्या आत घड्याळजींना. गल्लीत याची बरीच थट्टा झाली. बाई टेलिफोनच्या ऑफिसात आयुष्यभर लोकांच्या लाइनी जोडत आल्या होत्या, तेव्हा सवयीनं स्वतःचा आजारही नवऱ्याला जोडून दिला असेल, असं कोपऱ्यावरचा मेडिकलवाला म्हणायचा. घड्याळजी डोळ्यावरचं भिंग न काढता म्हणत, "चला, निदान एवढं तरी तिनं माझ्याशी वाटून घेतलं."

डॉक्टरांनी दोघांना एकच औषध लिहून दिलं, एकाच मापाचं. घड्याळजींना लहान वस्तू नीट निरखून पाहायची खोड होती. दुकानात उभ्या उभ्या त्यांच्या ध्यानात आलं की याच औषधाची दुप्पट ताकदीची गोळीही येते, आणि ती दुप्पट महाग नाही, थोडीशीच आहे. शिवाय त्या गोळीच्या मधोमध एक बारीक रेघ होती.

"ही रेघ कशाला?"

"तोडायला," मेडिकलवाला म्हणाला. "पण थांबा. सगळ्याच गोळ्या तोडायच्या नसतात. आधी डॉक्टरांना विचारू दे."

त्यानं फोन लावला, डॉक्टर हो म्हणाले, आणि त्या दिवसापासून घरात दोघांना एकच पट्टी येऊ लागली.

सकाळी बाई चहा घेऊन येत, तेव्हा घड्याळजी खिडकीजवळच्या टेबलाशी बसलेले असत. समोर एक जुनी घड्याळाची काच, तिच्यावर गोळी, हातात ब्लेड. भिंग डोळ्याला लावून, ब्लेड रेघेवर टेकवून ते वरून अंगठ्यानं हलकेच दाब देत. गोळीचे दोन तुकडे होत आणि काचेवर भुगा म्हणून पडत नसे. मग ते दोन्ही मुठी पुढे करत.

"कुठली?"

"डावी."

"मोठा तुकडा गेला की तुझ्याकडे."

बाई कायम डावीच मागत. ती मूठ त्यांच्या खुर्चीच्या बाजूला असे, याहून वेगळं कारण नव्हतं. मोठा तुकडा गेल्याची तक्रार घड्याळजी रोज करत, आणि बाई रोज म्हणत की तुम्हीच तोडता, तुमचीच चूक. भांडण झालेलं असलं की बोलणं होत नसे, पण मुठी पुढे येत आणि बाई डाव्या मुठीवर बोट टेकवत. किती भांडणं अशी चहा संपायच्या आत मिटली होती, हे दोघांनाही सांगता आलं नसतं.

मग एका थंडीत घड्याळजींना खोकला झाला. तो छातीत उतरला, आणि छातीतून परत वर आलाच नाही.

लेक येऊन राहिली, घर आवरून दिलं, घड्याळजींच्या दुकानाची किल्ली जागेच्या मालकाला परत केली आणि आपल्या गावी गेली. जाताना तिनं आईला गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी आणून दिली, प्रत्येक वाराला एक कप्पा असलेली. बाईंनी तिच्यात बटणं ठेवली. रोज सकाळी लेकीचा फोन यायचा, "आई, गोळी घेतलीस?" आणि बाई म्हणायच्या, "घेतली." ते खरंच होतं.

गोळी त्या तोडतच होत्या. एक अर्धा त्या घेत, दुसरा तिथंच काचेखाली झाकून ठेवत आणि दुसऱ्या दिवशी घेत. औषधाच्या मापानं यात काहीच चुकत नव्हतं. पण मनात त्यांनी एक वाटणी करून टाकली होती. एक दिवस आपला अर्धा, एक दिवस ह्यांचा. ह्यांच्या दिवशी त्या खिडकीकडच्या खुर्चीत बसायच्या. तिथून गल्ली वेगळी दिसायची, जरा तिरकी. समोरच्या जिन्याच्या पायऱ्या दिसायच्या आणि इस्त्रीवाल्याचं टेबल दिसायचं नाही. हे इतकी वर्षं हेच बघत होते तर, असं मनात यायचं. चहा त्या अजूनही दोघांचा टाकायच्या आणि मग थोडा थोडा करून सगळा पिऊन टाकायच्या.

आवाज मात्र कुठं उरला नव्हता. बाईंचं उभं आयुष्य आवाजांत गेलं होतं. तारेपलीकडचा माणूस खरं बोलतो आहे की टोलवतो आहे, हे त्या 'हॅलो'वरून सांगायच्या. पण घड्याळजींचा आवाज ना कुठल्या फोनमध्ये होता, ना कुठल्या टेपवर. ते फोनवर बोलायचेच नाहीत. म्हणायचे, घरात ऑपरेटर असताना मी कशाला. आता गोळी तुटताना जो बारीक 'टक' आवाज व्हायचा, तेवढाच त्यांचा म्हणून शिल्लक होता.

दीडेक वर्षानं बाईंचा रक्तदाब चढला. डॉक्टरांनी हातावरचा पट्टा दोनदा फुगवून पाहिला आणि औषध बदललं.

मेडिकलवाल्यानं नवी पट्टी काउंटरवर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. "वहिनी, हे नीट ऐका. ही अख्खी गिळायची. तोडायची नाही, चावायची नाही, पाण्यात विरघळवायची नाही. हिला वरून असं वेष्टण आहे की औषध दिवसभर थोडं थोडं पोटात सुटत राहतं. तोडलीत तर वेष्टण गेलं. सगळं एकदम अंगावर येईल. सकाळी चक्कर, आणि संध्याकाळी औषधच शिल्लक नाही."

बाईंनी गोळी निरखली. गुळगुळीत होती. "हिच्यावर रेघ नाही."

"म्हणूनच नाही."

"बरं," बाई म्हणाल्या. ऐकलं नाही, समजलं नाही, असं म्हणायला त्यांना जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या टेबलाशी बसल्या. काचेवर नवी गोळी ठेवली, शेजारी पाण्याचा ग्लास. चहा निवत चालला. अख्खी गोळी हातात घेऊन त्यांनी दोनदा तोंडापर्यंत नेली आणि दोनदा खाली ठेवली. ती गिळली की संपलं, उद्यासाठी काही उरत नाही. उद्याचा दिवस कुणाचाच नाही, म्हणजे त्यांचा एकटीचा. कधी तरी घेऊच की अख्खी, आजच काय अडलं आहे, असं स्वतःशी म्हणत त्यांनी ब्लेड उचललं.

रेघ नसल्यानं ब्लेड घसरलं. दुसऱ्या खेपेला गोळी तुटली, पण वेडीवाकडी, कडेला कपच्या उडाल्या. आवाजही 'टक' असा आला नाही, नुसताच चुरचुरला. कपच्या बाईंनी बोटाच्या टोकानं टिपून घेतल्या, एक अर्धा गिळला आणि दुसरा काचेखाली झाकून ठेवला.

त्या सकाळी ओट्याशी उभं असताना त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं. त्या ओट्याची कड धरून उभ्या राहिल्या. कानात लांबच्या लाइनीवर यायचा तसा खरखराट येत राहिला आणि मग ओसरला. लेकीचा फोन आला. "गोळी घेतलीस?" "घेतली." "आवाज असा का येतोय?" "पाणी पीत होते."

बाईंना कारण ठाऊक होतं. रोज सकाळी त्या ठरवायच्या की आजचा दिवस तेवढा. चक्कर येणार हे ठाऊक झाल्यावर त्यांनी तिची सोयही करून ठेवली. गोळी घेतली की तासाभरात त्या पलंगाच्या कडेला जाऊन बसायच्या, खोली फिरायची थांबेपर्यंत.

महिन्यानं त्या दाखवायला गेल्या. दवाखाना संध्याकाळचा. डॉक्टरांनी पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गोळी रोज घेता ना?"

"एकही दिवस चुकत नाही."

"मग हा खाली का येत नाही?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "दुसरा काही त्रास? चक्कर वगैरे?"

बाहेर बाकावर बरीच माणसं खोळंबली होती. बाई म्हणाल्या, "तसं विशेष काही नाही." त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना ऐकू आला. तारेपलीकडून असा आवाज आला असता, तर त्यांनी लगेच ओळखला असता.

डॉक्टरांनी पहिल्या गोळीच्या जोडीला आणखी एक गोळी लिहून दिली.

मेडिकलवाल्याचं दुकान दिवेलागणीला भरलेलं असे. बाईंची पाळी आली तेव्हा त्यानं कागद वाचला, आतल्या फळीकडे वळला आणि अर्ध्यात थांबला.

"वहिनी, पहिली गोळी किती उरली आहे?"

"आहे अजून."

"आहे कशी? ती मागच्याच आठवड्यात संपायला हवी होती. मी वाट बघत होतो तुमची. म्हटलं, लेकीनं तिकडून पाठवली की काय." त्यानं काउंटरवर दोन्ही हात टेकले. "तोडताय?"

बाईंनी पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला. "महाग आहे हो ती. म्हटलं, पुरवून पुरवून घ्यावी."

मागं उभ्या असलेल्या माणसाला मेडिकलवाल्यानं हातानं थांबा म्हटलं, आत गेला आणि एक साधी, बिनचमकीची पट्टी घेऊन आला. "हे बघा. औषध तेच, ताकद तीच, वेष्टणही तसंच, हळूहळू सुटणारं. फक्त कंपनीच्या नावाचा थाट नाही, म्हणून निम्म्याहून स्वस्त. हे कारण मला महिन्यापूर्वी सांगितलं असतंत, तर तेव्हाच डॉक्टरांना विचारून हीच दिली असती. इतकी वर्षं ओळखता मला. महाग पडतं म्हणायला लाजायचं कशाला?"

"लाजत नव्हते."

"मग?"

बाईंनी पट्टी उलटून मागची बाजू पाहिली.

"घ्या, आता पैशाचं कारण गेलं. दुसरं असेल ते बोला."

मागचा माणूस खाकरला. मेडिकलवाल्यानं त्याला खोकल्याचं औषध हवं का विचारलं, आणि नको असेल तर समोरच्या पायरीवर बसा म्हणाला. मग त्यानं काउंटरची फळी उचलून बाईंना आत घेतलं, खोक्यांच्या मधल्या स्टुलावर बसवलं.

"तोडता येईल अशी नाही का दुसरी कुठली?" बाई हळू म्हणाल्या. "रेघेची. कडू असली तरी चालेल. दिवसातून चारदा घ्यायची असली तरी चालेल."

"तोडून काय करायचंय?"

"मी अख्खी गोळी कधी घेतलेलीच नाही," बाई म्हणाल्या. "अर्धा माझा असतो. दुसऱ्या दिवशी मी ह्यांचा घेते. तेवढाच..." त्यांनी मांडीवरची पिशवी सरळ केली. "तुम्ही हसाल."

मेडिकलवाला हसला नाही. त्यानं खिशातून चष्मा काढला, पुसला आणि परत खिशातच ठेवला.

"शेवटच्या वर्षी घड्याळजींच्या पायांना सूज यायची. आठवतं?"

"न आठवायला काय झालं? दिवसभर बसून काम. मी म्हणायचे, जरा हिंडत जा."

"गोळीनं यायची. काहींना येते त्या औषधानं. त्यांनी डॉक्टरांना पाय दाखवले, डॉक्टरांनी त्यांची ती गोळी बंद केली आणि वेगळी दिली. ती ते इथं घ्यायचे. दुकान उघडायला जाताना, याच स्टुलावर बसून, माझ्या ग्लासातल्या पाण्यानं."

बाईंना आधी वाटलं, हा दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतो आहे. "रोज सकाळी माझ्यासमोर घेत होते. माझ्याबरोबर."

"तुमच्यासमोर तोंडाशी हात न्यायचे आणि पाणी प्यायचे. डाव्या मुठीत तुमचा अर्धा. उजवीतला शर्टाच्या खिशात, तो दुसऱ्या दिवशी परत डाव्या मुठीत. त्या दिवशी उजवी रिकामीच. मला दाखवायचे खिसा, असे पोरासारखे खूश होऊन. मी म्हटलं, अहो, सांगून टाका की बायकोला. तर म्हणाले, सांगीन, घाई काय आहे. त्यांची घाई तुम्हाला माहीतच आहे. माझं भिंतीवरचं घड्याळ न्यायला माणूस पाठवला होता, तर म्हणाले, दुरुस्त झालंय पण अजून विश्वास बसत नाही, पुढच्या महिन्यात या."

बाई हसल्या नाहीत. त्या आठवत होत्या. त्या वर्षी चहा घेऊन आत आल्यावर कधी कधी गोळी आधीच तोडलेली असायची. लवकर उठलो म्हणून तोडून ठेवली, असं हे म्हणायचे. तेवढं एक वाक्य ते टेबलाकडे बघत बोलायचे. आणि बाई, ज्यांना शंभर कोसांवरच्या माणसाची थाप कळायची, त्या समोर बसून चहात साखर ढवळत राहिल्या.

"मग मी घेत होते तो अर्धा कुणाचा?"

"तुमचाच, वहिनी. दोन्ही तुमचेच. ते असतानाही आणि नंतरही."

"तुम्ही मला आजवर बोलला नाहीत."

"एकाचं औषध दुसऱ्याला सांगत बसलो, तर मला दुकानाला कुलूप लावावं लागेल. ते हयात असते आणि तुम्ही विचारलं असतंत, तर आजही नसतं सांगितलं." त्यानं डॉक्टरांचा नवा कागद पुढं धरला. "आज सांगतोय ते यासाठी. तुम्ही गोळी तोडता हे डॉक्टरांना माहीत नाही. त्यांना वाटतं, औषध कमी पडतंय, म्हणून त्यांनी वर आणखी एक चढवली. उद्या सकाळी तोडलेली एक आणि ही एक घेतली असती, तर तुम्ही न्हाणीघरात पडला असतात आणि दार आतून बंद असतं. घड्याळजींनी ते मुठींचं सोडलं नाही, ठीक आहे, त्यांची हौस. पण नको ती गोळी पोटात जाऊ दिली नाही. आधी इथं यायचे, बरोबर औषध घ्यायचे, मग पुढं."

बाई स्टुलावर बसून राहिल्या. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. त्या खुर्चीत, त्या तिरक्या गल्लीकडे बघत किती तरी सकाळी काढल्या, आणि ज्यांचा म्हणून घेतला तो अर्धा ह्यांनी केव्हाच बाईंच्या नावावर करून टाकलेला होता. विचारायचं खूप होतं. रिकामी मूठ तोंडाशी नेताना ह्यांना हसू येत होतं का. कुठल्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं का. आणि आपण एकदा तरी उजवी म्हटलं असतं तर ह्यांनी काय केलं असतं. आता हे विचारायला कुठलाच नंबर नव्हता.

मेडिकलवाल्यानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला आणि मग फोन बाईंच्या हातात दिला. बाईंनी सगळं सांगितलं, चकरांसकट. डॉक्टर म्हणाले, नवी गोळी अजिबात घेऊ नका, पहिलीच अख्खी घ्या, ती स्वस्तातली साधी चालेल, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मेडिकलवाल्याकडे रक्तदाब मोजून मला कळवा. "आणि बाई, मी विचारलं की खरं सांगत जा. मला बाहेरून एवढंच दिसतं."

"हो," बाई म्हणाल्या.

"लेकीलाही सांगा," फोन ठेवल्यावर मेडिकलवाला म्हणाला. "उद्या मी विचारणार आहे, सांगितलं का म्हणून."

सकाळी ऊन टेबलावर आलं होतं. बाईंनी चहा एकाच कपाचा टाकला. दूध कमी होतं, शिवाय गार झालेला दुसरा कप पिऊन पित्त होतं हे त्यांना बरेच दिवस कळत होतं. आज दिवस कुणाचा हे ठरवायचं नसल्यामुळे कुठल्या खुर्चीत बसावं ते कळेना, म्हणून त्यांनी उभ्या उभ्याच पट्टी उघडली. गोळी जिभेवर ठेवली आणि पाण्याचा घोट घेतला. पाणी गेलं, गोळी राहिली. दुसरा घोट घेतला. मग डोकं मागं करून मोठा तिसरा.

गेली.

मग त्या सवयीनं पलंगाच्या कडेला जाऊन बसल्या. खोली आता फिरेल, मग फिरेल, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. पंखा जिथल्या तिथं होता. भिंती सरळ होत्या. खाली इस्त्रीवाल्यानं कुणाला तरी चादरीवरून झापलं, शाळेची गाडी येऊन गेली, आणि तरी काही झालं नाही. तासभर धरून बसायला काही तरी होतं रोज, आज तेही आलं नाही. सगळी सकाळ समोर तशीच पडली होती, आणि तिच्यात त्या एकट्या बसल्या होत्या, डोकं अगदी स्वच्छ. इतकं स्वच्छ की घड्याळजी नाहीत हे त्यांना महिनाभरात पहिल्यांदाच नीट ऐकू आलं.

फोन वाजला.

"आई, गोळी घेतलीस?"

"घेतली. थांब, ठेवू नकोस. मला तुला सांगायचंय. मी ती तोडत होते, महिनाभर. तोडायची नव्हती."

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. लेक काही तरी ओरडणार, असं बाईंना वाटलं. तिचा श्वास त्यांना तारेवरून ऐकू येत होता. बोलायच्या आधी थांबायची ही तऱ्हा बापाची.

"आणि आज?" लेकीनं विचारलं.

"आज अख्खी."

"बाबांसाठी तोडत होतीस ना?"

बाईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

"कशी गेली?" लेक हळू म्हणाली.

"मोठी आहे गं," बाई म्हणाल्या. "घशात अडली जरा. पाणी जास्त लागतं."